पिंजऱ्यातील पाखराचे ताट

मराठीत दीर्घ कल्पित कथेस आपण 'कादंबरी' म्हणतो. हे नाव बाणभट्टाच्या ग्रंथावरून आले, आणि त्या ग्रंथातील कथेचा फार मोठा भाग एका पोपटाच्या तोंडून वदविलेला आहे, हे बहुतेक सुशिक्षित वाचकांस ठाऊक असते. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयास असलेल्या या कवीने आपल्या पोपटास कथा सांगण्यापूर्वी जेवू घातले आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. विदिशेच्या शूद्रक राजापुढे एक चांडालकन्या वैशंपायन नावाचा शुक पिंजऱ्यातून आणते. तो उजवा पाय उचलून राजाचा जयजयकार करतो आणि सभा थक्क होते. राजा त्याला अंतःपुरात पाठवितो, आणि स्वतःचे भोजन झाल्यावर पुन्हा बोलावून विचारतो की, आत काही रुचकर खावयास मिळाले की नाही. शुक उत्तर देतो ते मोठे रसिक आहे. जांभळाचा तुरट-गोड रस आपण मनसोक्त प्यालो, डाळिंबाचे लाल दाणे फोडले, द्राक्षांसारखी गोड आवळ्याच्या जातीची फळे हवी तशी कुरतडली, असे तो सांगतो. आणि राण्यांनी स्वतःच्या हाताने जे जे भरविले ते सारे अमृतच झाले, असेही म्हणतो. तो आणखी काही सांगणार तोच राजा त्याला थांबवितो. ते राहू दे, तुझा जन्म कोठे झाला ते सांग, असे तो म्हणतो. मग कथा सुरू होते आणि ताटाचा विषय संपतो.

विद्यार्थ्यांना हा भाग शिकविताना राजाच्या त्या अधीरतेचे मला कधी काही वाटले नव्हते. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात एक लहानशी घटना घडली, आणि तेव्हापासून ती अधीरता मला खटकू लागली.

मुलीच्या हौसेखातर आम्ही सोलापूरच्या बाजारातून एक हिरवी व एक निळी अशी दोन पाखरे आणली. आपल्याकडे सर्रास त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. वास्तविक ते नाव आफ्रिकेतील एका निराळ्या जातीचे आहे, आणि ही पाखरे ऑस्ट्रेलियातील बजरीगर होत. विक्रेत्याने पिंजऱ्याबरोबर राळ्याची पिशवी दिली आणि 'एवढे घाला, पाणी बदला, दुसरे काही लागत नाही' असे सांगितले. आम्ही ते अक्षरशः पाळले. सुमारे दोन वर्षांनी निळ्या पाखराचा श्वास घरघरू लागला, नाकाशी ओल दिसू लागली आणि तोंडात पांढुरके चट्टे आले. पशुवैद्यांनी त्याला तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'ह्याला हिरवे काय घालता?' आम्ही एकमेकांकडे पाहिले. केवळ कोरड्या दाण्यावर ठेवलेल्या पाखरांत अ जीवनसत्त्वाची उणीव कशी होते, आणि तिने नाकातोंडाचे अस्तर कसे बिघडते, हे त्यांनी समजावून सांगितले. पाखरू आठवड्याच्या आत गेले. ज्या घरात रोज मेथी निवडली जात होती, कोथिंबिरीच्या काड्या कचऱ्यात जात होत्या आणि गाजरे किसली जात होती, त्याच घरात ते हिरव्यावाचून मेले. दोष विक्रेत्याच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. परंतु पुस्तके वाचण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला ती पळवाट शोभत नाही. आपल्या पूर्वजांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यास काय खाऊ घातले, आणि ते आपण कधी व का विसरलो, याचा शोध घेण्यास मी त्या दिवसापासून लागलो.

प्रथम दिसते ते हे की, आपल्या जुन्या वाङ्मयाला पाखराच्या पोटापेक्षा त्याच्या जिभेचे अगत्य अधिक आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत शुकसारिकांना बोलावयास शिकविणे ही एक कला आहे, आणि नागरकाच्या दिनक्रमात भोजनानंतरच्या वेळेत तिची सोय लावलेली आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापुराहून सकाळी निघून संध्याकाळी परत यावे इतके जवळ, आणि आपला हा प्रदेश त्या काळी त्याच राजवटीखाली होता. श्रीगोंदेकरांनी संपादून बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात कोंबडे, लावे, पारवे आणि ससाणे यांच्या विनोदांना स्वतंत्र प्रकरणे दिलेली आहेत. 'विनोद' हा शब्दच येथे बोलका आहे. पक्षी राजाच्या करमणुकीसाठी आहे. तो झुंजतो, झेपावतो, घुमतो किंवा बोलतो, म्हणून त्याला खाऊ घालावयाचे.

तथापि कवींची दृष्टी शास्त्रकारांहून सूक्ष्म असते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त विदूषक वसंतसेनेच्या वाड्याचे एकेक दालन पाहत जातो. सातव्या चौकात त्याला पिंजऱ्यातला पोपट दिसतो, तो दहीभाताने पोट भरून ब्राह्मणाप्रमाणे सूक्ते म्हणत असलेला! आणि जवळच कोकिळा दिसते, तिचा गळा मात्र नाना फळांच्या रसांनी प्रसन्न झालेला आहे. नाटककाराला येथे थट्टा करावयाची आहे. परंतु नकळत त्याने दोन ताटे शेजारी शेजारी मांडून ठेवली आहेत. पोपटाचे ताट धन्याच्या पंगतीतले आहे, आणि कोकिळेचे रानातले. जो माणसासारखा बोलतो त्याला माणसाचे अन्न द्यावे, असा आपला एक जुना समज आहे. पोपटाचे कौतुक करता करता तो पोपट आहे, याचाच आपल्याला विसर पडतो.

रानातील पोपट काय खातो, हे त्याच वाङ्मयात दुसरीकडे स्वच्छ लिहिलेले आहे. कण्वाच्या आश्रमाची पहिली खूण म्हणून कालिदासाने झाडांच्या ढोलींतून पोपटांच्या तोंडचे नीवाराचे, म्हणजे रानभाताचे, दाणे खाली सांडलेले दाखविले आहेत. बाणाचे चित्र तर याहून हृदयस्पर्शी आहे. वैशंपायनाची आई त्याला जन्म देताना मरते. बाप म्हातारा, पंख झडलेले, उडण्याची शक्ती नाही. तो दुसऱ्यांच्या घरट्यांतून पडलेल्या साळीच्या लोंब्यांचे कण वेचतो, झाडाच्या बुंध्याशी इतर पोपटांनी टाकलेले फळांचे तुकडे गोळा करतो, ते पिलाला भरवितो आणि उरेल ते स्वतः खातो. दाणे आणि फळांचे तुकडे! दारिद्र्यातही त्या बापाने पिलाला एकाच पदार्थावर ठेवले नाही. आम्ही मात्र भरल्या घरात ठेवले.

आता महाराष्ट्राच्या घरांकडे वळू. आपल्याकडे पोपटाला राघू म्हणतात, आणि लाडाने विठूही म्हणतात. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तेथे पाखराच्या तोंडी विठ्ठलाचे नाव घालण्याची हौस असणे स्वाभाविकच होते. पोपटाला रामनाम पढविता पढविता गणिका तरली, ही कथा कीर्तनांतून घरोघर पोहोचलेली होती. त्यामुळे राघू पाळणे हा विलास न राहता जवळजवळ पुण्यकर्म झाले. माझ्या आजोळीही माझ्या जन्मापूर्वी एक राघू होता असे आई सांगे. त्याला भिजविलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची मिळे. राघूला मिरची ही तर आपल्याला सनातन रूढी वाटते. परंतु इतिहासाचा विद्यार्थी येथे थोडा थबकतो. मिरची आणि पेरू हे दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर, सोळाव्या शतकापासून, ते आपल्याकडे रुजले. वैशंपायनाने मिरची कधी पाहिलीही नसेल. म्हणजे राघूचे हे 'परंपरागत' ताट फार तर चार-साडेचारशे वर्षांचे. आपल्या आजीपणज्यांना हे ठाऊक नव्हते. पण नव्याने आलेले फळ पाखराने चोचीने पसंत केले आणि त्यांनी ते त्याच्या वाटीत घातले. परंपरा अशीच बनते. मिरचीने राघूचे तोंड कसे पोळत नाही, या कोड्याचे उत्तर 2002 साली अमेरिकेतील संशोधकांनी दिले. आपल्याला तिखटाची आग ज्या ग्राहकामुळे जाणवते, त्याचे पक्ष्यांतील रूप तिखटाला दादच देत नाही, असे त्यांनी कोंबडीच्या बाबतीत दाखविले.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरात ज्याला पेरू भरवावयाचा, त्याच राघूला शेतात गोफणीने हाकलावयाचे. ज्वारीची कणसे दुधात आली की थवे उतरतात. माळ्यावर उभा राहून राखणदार दिवसभर ओरडत असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्या कीर्तीचे पहिले परीक्षक हे हिरवे चोर होत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. शेतकऱ्याच्या नुकसानीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. सांगावयाचे ते एवढेच की, पाखराला काय आवडते याचे ज्ञान आपल्या समाजात भरपूर होते, आणि ते परसात व शेतात, दोन्हीकडे रोज ताजे होत होते.

मग ते गेले कोठे? माझ्या मते राघू पिंजऱ्यातून गेला, तेव्हा ते त्याच्याबरोबर गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पक्ष्यांस संरक्षण मिळाले, पुढे त्यांच्या व्यापारास बंदी झाली, आणि आज राघू घरी पाळणे हा गुन्हा आहे. हे सर्वथा योग्यच झाले. परंतु पिंजऱ्याची हौस काही गेली नाही. मोकळ्या झालेल्या जागेत कायद्याच्या कक्षेबाहेरचे परदेशी पाखरू आले. त्याला घरात आजी नव्हती. होती ती फक्त दाण्यांची पिशवी.

या पाहुण्याचा इतिहास थोडक्यात असा. जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1805 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जॉन गूल्ड 1840 साली ऑस्ट्रेलियाहून परतला तेव्हा त्याने जिवंत पाखरे इंग्लंडात आणली, आणि थोड्याच दशकांत युरोपभर त्यांची पैदास होऊ लागली. त्याच्या नावात आपल्या कानाला बाजरी ऐकू येते, परंतु ते नाव पूर्व ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भाषेतून आले आहे. मूळ देशी हे पाखरू कोरड्या, अवर्षणी प्रदेशात थव्यांनी भटकते, जमिनीवर उतरून गवताचे बी टिपते, आणि पाऊस पडून गवत बीजावर आले की घरटी करते. कोरड्या दाण्यावर तग धरण्याची ही शक्ती त्याला फार महाग पडली. महिनोन्महिने न नासणारा दाणा गलबतावर नेण्यास सोयीचा, दुकानात विकण्यास सोयीचा आणि घरात वाटी भरून ठेवण्यासही सोयीचा. पाखरू त्यावर लगेच मरत नाही, याचा अर्थ ते त्यावर जगते, असा सोयीस्कर अर्थ माणसाने काढला. विदूषकाने पाहिलेला दहीभात धन्याच्या लाडाचा होता. राळ्याची वाटी धन्याच्या सोयीची आहे. पाखराच्या प्रकृतीचा विचार दोहोंतही नाही.

येथे इतिहासाने केलेली एक विलक्षण थट्टा सांगितल्यावाचून राहवत नाही. अन्नात जीवनसत्त्वे असतात हे माणसाला कळले ते मुख्यत्वे बंदिस्त पक्ष्यांकडूनच! 1890 नंतरच्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमान हा डच वैद्य बेरीबेरी रोगाचे कारण शोधत होता. त्याच्या कोंबड्यांना इस्पितळातील उरलेला सडलेला पांढरा भात मिळे, आणि त्या पायांनी लुळ्या पडत. पुढे नवा आचारी आला. लष्करी तांदूळ कोंबड्यांना देणे त्याला पटेना. त्यांना असडी तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. या धाग्यावरून पुढे गेलेल्या शोधासाठी आयकमानला 1929 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लंडनमध्ये काझिमिर फुंक याने तांदळाच्या कोंड्यातील अर्काने लुळी कबुतरे सावरली, आणि 1912 साली त्या अज्ञात द्रव्यासाठी व्हिटामिन हा शब्द घडविला. आपल्याच देशात, निलगिरीतील कुन्नूर येथे, रॉबर्ट मॅकॅरिसन याने कबुतरांना सत्त्वहीन तांदळावर ठेवून त्यांच्या शरीरातील एकेका इंद्रियावर काय परिणाम होतो ते तपासले. त्याच्या छोट्या प्रयोगशाळेतूनच वाढलेली संस्था 1958 साली हैदराबादेस गेली, आणि ती आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच धान्यावर ठेवलेला प्राणी भरल्या पोटी उपाशी मरतो, हा धडा कोंबड्यांनी व कबुतरांनी आपले प्राण देऊन शिकविला. आपण त्या धड्याच्या आधारे मुलांना पालेभाजी वाढली, आणि पिंजऱ्यातल्या पाखरापुढे मात्र एकाच धान्याची वाटी ठेवली.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, बाणाच्या पोपटाने जांभूळ खाल्ले म्हणून ऑस्ट्रेलियाच्या माळावरील पाखरास ते का द्यावे? आक्षेप रास्त आहे. राघू झाडावरच्या फळांचा भोक्ता, तर बजरीगर मुख्यतः बी टिपणारा. म्हणून त्याच्या ताटात फळ थोडे आणि पाला अधिक, हाच क्रम योग्य. दाणा काढून टाकावयाचा नाही. तो एकटा ठेवावयाचा नाही. रानात त्याला गवताचे अर्धवट पिकलेले, दुधाळ बी मिळते. आपल्याकडे त्याच्या अगदी जवळचा पदार्थ म्हणजे हुरडा. हिवाळ्यात शेतावरून आलेल्या कोवळ्या कणसाचा एक तुरा पिंजऱ्यात टांगून पाहावा; एरवी मोड आलेली बाजरी किंवा मूग चालतात. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेले गाजर आणि लाल भोपळा यांतून अ जीवनसत्त्वाची गरज भागते. पालक मात्र रोज नसावा, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल चुन्याला बांधून ठेवते. डाळिंबाचे चार दाणे, पेरूची किंवा सफरचंदाची बी काढलेली बारीक फोड, एवढे फळ अधूनमधून पुरे. सोलापूरच्या डाळिंबालाही 2016 साली मानांकन मिळाले आहे, आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून याच शहराजवळ आहे. तेव्हा वैशंपायनाच्या ताटातला निदान एक पदार्थ तरी आपल्या दाराशी पिकतो.

प्रमाणाचा विचार मात्र कधी सोडू नये. बजरीगराचे वजन 35 ग्रॅमच्या आसपास. 5 ग्रॅमचे एक द्राक्ष म्हणजे त्याच्या वजनाचा सातवा हिस्सा. 60 किलोच्या गृहस्थापुढे साडेआठ किलो द्राक्षे ठेवावीत तसे हे झाले. फळे व भाज्या धुऊनच द्याव्यात, विशेषतः फवारणी झालेली द्राक्षे. आणि आपल्या वैशाखात पारा चाळीसच्या वर चढतो, तेव्हा ओले अन्न तास-दोन तासांत काढून घ्यावे. अॅव्होकाडो नावाचे फळ अलीकडे शहरांत मिळू लागले आहे. ते पाखरांना विषसमान आहे, हे 1989 साली अमेरिकेत बजरीगरांवर व कॅनरींवर केलेल्या प्रयोगांनी दाखविलेले आहे. कांदा, लसूण, चॉकलेट व खारवलेले पदार्थही वर्ज्य.

आमच्या हिरव्या पाखराने पहिले पंधरा दिवस मेथीकडे पाठ फिरविली. जे त्याने कधी पाहिलेच नव्हते ते अन्न आहे, हे त्याला कसे कळावे? आम्ही दाणा बंद केला नाही. मुलीने रोज सकाळी ओली जुडी पिंजऱ्याच्या गजांना बांधली. आधी ते तिच्यावरच्या थेंबांनी अंग भिजवू लागले. एके दिवशी एक पान फाडले. महिन्याअखेर जुडीची वाट पाहू लागले. ते आज आमच्याकडे आहे, आणि कोथिंबीर निवडताना स्वयंपाकघरातून आलेला आवाज त्याला ओळखू येतो.

पिंजराच नसावा, असे कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. परंतु जो पक्षी आपण कोंडलेला आहे, त्याने आपले अन्न स्वतः शोधण्याची वाट आपण बंद केली आहे; म्हणून त्याच्या वतीने ते शोधणे हे आपल्यावरचे ऋण आहे. शूद्रकाच्या सभेत वैशंपायन आपले ताट सांगत होता आणि राजाला कथा ऐकावयाची घाई झाली होती. तेव्हापासून आजवर पाखराचे बोलणे, रंग आणि खेळ आपण हौसेने घेतले, आणि तो खाण्याविषयी बोलू लागला की त्याला थांबविले. राजाने त्याला जरा पुढे बोलू द्यावयास हवे होते.